चकतीवरची पांढरी खूण

४ मार्च, मंगळवार

तीन नंबरच्या मशीनची चकती कोणीतरी फिरवली आहे!

काल सुटताना मी स्वतः लावून गेलो होतो. आज येऊन पाहतो तर मोज्याचं तोंड ढिलं. चकती चांगली दोन दाते उघडलेली. आपोआप उघडायला ती काय खिडकी आहे? चावी लावल्याशिवाय हलत नाही. आणि तसल्या चाव्या अख्ख्या कारखान्यात दोनच. एक माझ्या खिशात. दुसरी जावईबापूंच्या.

लिहिलं आणि पुन्हा वाचलं. खोडणार नाही.

५ मार्च

आज पाच नंबर. तीच गंमत. मी गपचूप पुन्हा मिटवली. कोणाला काही बोललो नाही. जावईबापू पलीकडे सुया बदलत होते, मान खाली घालून. फारच खाली.

६ मार्च

डोकं शांत ठेवून नीट लिहायचं ठरवलं आहे. उद्या कोणी विचारलं तर तारीखवार सांगता यायला हवं.

बत्तीस वर्षं मी मोज्यांत रबर घालतो आहे. घालतो — विणत नाही. नवख्यांना हेच कळत नाही. सूत सुईवर चढतं, त्याचा टाका होतो. रबर सुईवर चढवायचंच नसतं. एका सुईच्या पुढून, दुसरीच्या मागून, असं ते टाक्यांच्या पोटात नुसतं निजवायचं. किती ताणून निजवायचं, एवढीच काय ती विद्या. चकती मिटली की रबर कमी सुटतं, मोज्याचं तोंड घट्ट होतं. उघडली की जास्त सुटतं, तोंड सैल. घट्ट झालं तर पायाला वळ. सैल झालं तर मोजा चार पावलांत घोट्यावर येऊन बसतो, आणि गिऱ्हाईक आपल्या नावाने खडे फोडतं.

हा ताण मी बोटाने लावतो. मशीन चालू ठेवायचं, धावत्या रबरावर तर्जनी टेकवायची, आणि ते बोटाशी कसं बोलतं ते ऐकायचं. उस्तादांनी मला असंच शिकवलं. म्हणायचे, "मीटर खोटं बोलेल, बोट बोलणार नाही." आठ मशीनं, बत्तीस वर्षं, आणि माझं एक बोट. थोरले मालक होते तोवर पाहुण्यांना मुद्दाम माझ्यापाशी आणून उभे करायचे — "हे आमचं मीटर!"

आता धाकटे मालक आहेत. आणि जावईबापूंकडे खरंखुरं मीटर आहे. काळं, मुठीएवढं, काटा असलेलं. "बाबा, एकदा मीटर लावून बघू या का?" — हे त्यांनी मला महिन्यापूर्वी विचारलं होतं. सगळ्यांसमोर! मी म्हटलं, "तुम्ही लावा. मला तुमच्या सासूबाईंनी ताप मोजायला सांगितला तर मागून घेईन." सगळे हसले. तेही हसले. पण तेव्हापासूनच पाणी मुरतंय.

त्यांचा आधीचा कारखाना बंद पडला तेव्हा मीच मालकांकडे शब्द टाकला होता. पोरगी माझी, तिचं घर चालायला हवं. सात महिने झाले. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. बाकीचे नऊ निदान आकाशात तरी असतात. हा माझ्याच शेडमध्ये सात नंबरच्या मशीनपाशी उभा!

७ मार्च

चहात साखर नाही. हिला विचारलं तर म्हणे, "डबा संपत आलाय." ती अंघोळीला गेल्यावर डबा उघडून पाहिला. काठोकाठ भरलेला!

बायको लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर साखरेवरून खोटं का बोलेल? काहीतरी आहे.

८ मार्च, शनिवार

ठकी आली होती. म्हणजे लेक. आता तिशीची झाली, पण आमच्यासाठी ठकीच. मी दारात चपला काढतोय तोवर आत दोघींची कुजबुज चालू. मी आत गेलो — चिडीचूप. ही भांडी लावायला लागली, ठकी खिडकीतून बाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर शेजारच्यांची भिंत आहे. काय बघत होती?

जाताना माझा हात हातात घेऊन बसली. लहानपणी बसायची तशी. "बाबा, हात किती गार पडलेत तुमचे." मी म्हटलं, "गार हात, ऊबदार मन." ती हसली नाही.

नवऱ्याने पाठवलं असेल, म्हाताऱ्याचा अंदाज घेऊन ये म्हणून.

१० मार्च

मोठी ऑर्डर आली! सहा हजार जोड. पण मोजे साधे नाहीत. शुगरच्या पेशंटसाठी आहेत. तोंड अगदी सैल हवं, पण मोजा घसरताही कामा नये. म्हणजे तारेवरची कसरत. मालकांनी सगळ्यांदेखत मला पुढे बोलावलं. "मिस्त्री, हे तुमच्याशिवाय कोणाचं काम नाही." माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

ऑर्डरवाला एक बारीक चणीचा माणूस आहे. तळव्यावर बोटाने चित्र काढून बोलतो. म्हणाला, "मिस्त्री, एक लक्षात ठेवा. यांना घट्ट झालेलं कळत नाही. पायाला जाणीवच उरलेली नसते. दिवसभर मोजा रुतून बसला तरी माणूस आपला मजेत फिरतो. मग जखम होते, ती चिघळते, आणि पुढे पायच जातो."

मी म्हटलं, "आपला पाय आपल्याला कळत नाही? असं कसं होईल? डोकं गेलेलं असेल त्यांचं."

 जावईबापूंनी हातातला कपडा घडी करून ठेवला. पुन्हा उघडला, पुन्हा घडी केली. त्यांना ऑर्डर आपल्या हाती हवी होती, आणखी काय!

११ मार्च

आठही मशीनं स्वतः लावली. दिवसभर एकेका रबरावर बोट ठेवून होतो. दुपारपर्यंत रबर काही बोलेचना, मग ताण जरा वाढवला, तेव्हा कुठे बोललं. हल्लीचं रबर मुळातच मुकं येतं. वरचं नायलॉनचं वेष्टण जाड करतात आणि आतलं रबर बारीक. रबरवाला लुटारू आहे, मी पहिल्यापासून सांगतो.

१२ मार्च

नमुने पास झाले! ऑर्डरवाल्याने स्वतःच्या पायात घालून पाहिले. "झक्कास! हेच हवं होतं." म्हणाला, असंच सहा हजार काढा.

बत्तीस वर्षांचं बोट आहे म्हटलं!

चेकरबाईंकडे पाहिलं. या आमच्याकडे प्रत्येक मोज्याचं तोंड मोजपट्टीच्या फळीवर ताणून बघतात. खुणेपर्यंत ताणलं तर पास, नाही तर बाजूला. आज त्यांनी आनंद दाखवायला हवा होता. तर त्या जावईबापूंकडे बघत होत्या! आणि जावईबापू जमिनीकडे.

१३ मार्च

इस्त्रीच्या खोलीत गेलो होतो. तिथे लोखंडी पायांची रांग असते, उलटे पाय, तळवे वर. त्यांच्यावर मोजे चढवायचे, वाफ सोडायची. मी एका पायाला हात टेकून इस्त्रीवाल्याशी बोलत उभा होतो. पाय तापलेला आहे हे त्याने सांगायला नको? मागून चेकरबाई किंचाळल्या, "मिस्त्री, हात!" तळव्याला एवढा मोठा फोड.

सगळे असे बघायला लागले, जसं मी काही अचाट केलं. अरे, बत्तीस वर्षं लोखंड आणि सुयांशी झटलेला हात आहे. कातडी जनावरासारखी झाली आहे. तिला असं चटकन काय कळणार?

घरी हिने मलम लावलं. डोळे पुसत होती. मलमाचा वास उग्र आहे म्हणे.

१४ मार्च

आज पुराव्याची व्यवस्था केली.

हिच्या कपाटात नखांना लावायच्या रंगाची एक बाटली पडून होती. पांढरी. ठकीने कधीतरी आणलेली. ती खिशात घालून नेली. सगळे जेवायला बसले तेव्हा आठही चकत्या माझ्या बोटाने पुन्हा एकदा नीट लावल्या आणि प्रत्येकीवर बारीकशी रेघ ओढली. अर्धी चकतीवर, अर्धी मागच्या पट्टीवर. चकती केसभर जरी हलली तरी रेघ तुटणार. लांबून दिसायचीही नाही.

रेघा जरा वाकड्यातिकड्या आल्या. ब्रश बोटांत धरवेना, दोनदा सुटून खाली पडला. फोडामुळे असेल.

आता चोराच्या मनात चांदणं असो नाहीतर अंधार, चकती खोटं बोलणार नाही.

१५ मार्च, शनिवार

आठपैकी सहा रेघा तुटल्या!

सहा! दोनदा मोजल्या. संशय होता, पण संशय वेगळा आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. मनातून मला वाटत होतं की रेघा जशाच्या तशा असाव्यात. आपणच उगाच म्हातारपणी खुसपटं काढतोय असं ठरावं.

सगळ्या चकत्या उघडण्याच्या बाजूने फिरवलेल्या. म्हणजे तोंड सैल पडावं, मोजे घसरावेत, सहा हजार जोड परत यावेत, आणि मालकांनी म्हणावं, "मिस्त्री, आता तुम्ही घरी बसा." मग कोण? मग मीटरवाले!

सहाही पुन्हा रेघेला रेघ जुळवून मिटवल्या.

१६ मार्च, रविवार

हिने माझ्यासाठी दोन नवे शर्ट आणले. बिनबटणांचे, डोक्यातून घालायचे. मी म्हटलं, "मी काय फुटबॉल खेळायला जातोय?" तर म्हणे, "सवलतीत होते." माझे बटणांचे शर्ट कुठे आहेत विचारलं, तर धुवायला टाकलेत. सगळेच्या सगळे? एकदम?

मध्यंतरी एकदा बटणं खालीवर लागली होती, त्यावरून हे चाललं असेल. तेवढ्याशा गोष्टीवरून!

या घरात माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. गॅसवर नव्हे.

१७ मार्च

पुन्हा पाच रेघा तुटलेल्या. पुन्हा जुळवल्या.

बोलायचं कसं? बोललो तर ठकीच्या संसारात मिठाचा खडा. नाही बोललो तर माझ्या अन्नात माती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

१८ मार्च

पकडलं!

आज एक तास आधी गेलो. मागच्या दाराने, पेट्यांच्या आडून. दिवे लागलेले. जावईबापू चार नंबरवर वाकलेले, एका हातात चावी, एका हातात ते काळं मीटर. आणि शेजारी कोण? चेकरबाई! फळी घेऊन उभ्या. मोजा फळीवर चढवतात, मान हलवतात, जावईबापू चकती जराशी उघडतात, पुन्हा मोजा. जोडीने चाललेलं काम. सवयीचं.

चेकरबाई म्हणाल्या, "किती दिवस असं?"

जावईबापू म्हणाले, "ही ऑर्डर तरी निघू दे."

ऑर्डर निघू दे! म्हणजे ऑर्डर बुडवायचीच आहे. यांनी मागे चेकरबाईंच्या खुर्चीचा पाय न सांगता दुरुस्त करून दिला होता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. फुकट कोणी कोणाची खुर्ची दुरुस्त करत नाही.

मी पुढे झालो नाही. पेट्यांमागे उभा राहिलो, चोरासारखा. माझ्याच शेडमध्ये! रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

१९ मार्च

हिला सांगितलं. सगळं. रेघांपासून. मला वाटलं पदर तोंडाला लावेल, जावयाला शिव्या घालेल. ही शांत! म्हणाली, "मालकांकडे जाऊ नका."

"का?"

"नका जाऊ म्हणते ना."

"तुला माहीत होतं?"

"मला काय कळतं तुमच्या मशीनमधलं?"

हे उत्तर नव्हे. चौतीस वर्षांत हिला माझ्या मशीनमधलं सगळं कळत आलं आहे. कोणत्या दिवशी कोणतं मशीन रुसलं हे माझ्या जेवणावरून ओळखायची.

"त्यांच्याशी एकदा नीट बोला तरी," म्हणाली. "वाईट माणूस नाही तो." तो! जावयाला तो म्हणाली. पोटच्या पोरासारखं. म्हणजे मीच परका.

२० मार्च, गुरुवार

झालं. मालकांच्या खोलीत गेलो. तारखा वाचून दाखवल्या. मग त्यांना शेडमध्ये नेऊन तुटलेल्या रेघा दाखवल्या. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

जावईबापूंना बोलावलं. मला वाटलं होतं हे गृहस्थ आता कानावर हात ठेवतील. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

"हो. मीच फिरवल्या," म्हणाले.

मालक म्हणाले, "का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे तोंडाकडे नाही. माझ्या हातांकडे. बराच वेळ. नजर वर उचलायची हिंमतच नव्हती.

मग म्हणाले, "चुकलं माझं. मशीनं बाबांची आहेत. मी त्यांना विचारायला हवं होतं."

"कारण सांगाल का?"

"कारण काही नाही."

चावी टेबलावर ठेवली. माझ्या अंगावरून जाताना क्षणभर थांबले. मला वाटलं काही बोलतील. पण नुसतं म्हणाले, "येतो, बाबा." आणि खरंच गेले. मालकांनी जा म्हणायच्या आधीच गेले.

मी जिंकलो. दोन्ही चाव्या आता माझ्या खिशात आहेत. चालताना वाजतात.

२१ मार्च

शेडमध्ये कोणी माझ्याशी बोललं नाही. गरज असेल तेवढंच.

२२ मार्च, शनिवार

ठकी आली. बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "बाबा, एकदा मला विचारायचं होतंत."

"काय विचारायचं होतं? तुझा नवरा माझ्या पोटावर का पाय देतो ते?"

तिने हिच्याकडे पाहिलं. हिने हळूच मान हलवली, नाही अशी. मी आंधळा नाही, मला दिसलं.

"आईने शपथ घातली आहे," ठकी म्हणाली, "नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"तुम्ही गोळ्या घेता का?"

हे कुठून आलं मध्येच? दोन वर्षांपूर्वी त्या डॉक्टरने रक्त तपासून साखर वर आहे म्हणून गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्याच्या दवाखान्याच्या भिंतीला भिंत लावून औषधांचं दुकान आहे. त्याच्या मेव्हण्याचं! एवढं कळायला शाळा शिकावी लागत नाही. मी महिनाभर घेतल्या, मला काही होत नव्हतं, सोडून दिल्या. हे सांगितलं तर ठकी रडायला लागली. नवऱ्याची नोकरी गेली म्हणून रडावं की बापाच्या गोळ्यांवरून? मुद्दा बदलायचा तो असा. नवऱ्याकडून शिकली असेल.

गेली. जाताना हात हातात घेतला नाही.

२४ मार्च

मन लागत नाही. पण काम चोख. दारं मी उघडतो, मीच बंद करतो. मशीनला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असं मालकांकडून सांगून घेतलं आहे. रोज सकाळी आठही रेघा तपासतो. आठही अखंड. तुळतुळीत पांढऱ्या.

पाहिलंत? चोर गेला, चोरी थांबली.

२५ मार्च

चेकरबाईंनी मोज्यांचा ढीग बाजूला काढून ठेवला. "मिस्त्री, तोंड खुणेपर्यंत जात नाही. फळीवर बघा तरी."

"फळी फुगली असेल."

"फळी ॲल्युमिनियमची आहे."

"मग तुमचे हात थकले असतील."

त्यांनी फळी खाली ठेवली. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला आवडलं असतं. हलक्या आवाजात म्हणाल्या, "माझे नाहीत थकले, मिस्त्री."

एकाच माळेचे मणी! मी मोजे उचलून पास मालात टाकले. मालकांना सांगितलं, माझा शब्द. मालक म्हणाले, "तुम्ही म्हणता तर ठीकच असेल."

२६ मार्च

पहिले हजार जोड गेले. ऑर्डरचं सूत उशिरा आलं, म्हणून चारच दिवसांचा माल. सगळा माझ्या हातचा, दुसऱ्या कोणाचं बोटही न लागलेला. पेट्या गाडीत चढताना पाहत उभा राहिलो. पूर्वी अशा वेळी ठकीला फोन करून सांगायचो. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

२७ मार्च

ठकीचा फोन नाही. हीसुद्धा बोलत नाही. चहा मात्र वेळेवर देते, बिनसाखरेचा.

२९ मार्च, शनिवार

माल परत आला. हजारच्या हजार जोड.

ऑर्डरवाला स्वतः आला होता. आज तळव्यावर चित्रं काढली नाहीत. पेटी उघडून मोजा माझ्यासमोर धरला. "मिस्त्री, हे कोणाच्या पायात घालायचं? मी स्वतः तासभर घातला. वळ बघा." पँट वर करून दाखवलं.

मी म्हटलं, "नमुना पास केला होता तुम्ही."

"नमुना हा नव्हताच! नमुना लोण्यासारखा होता."

"मशीन तेच, चकती तीच, हात तोच."

"मग मध्ये कोणीतरी काहीतरी केलं असेल."

 मध्ये कोणी नव्हतंच. चाव्या दोन्ही माझ्या खिशात. दारं माझ्या हाती. रेघा आठही अखंड, आज पुन्हा पाहिल्या, चष्मा लावून. मीच केलेला बंदोबस्त. त्यातून मुंगीसुद्धा आत शिरायची नाही.

मालक मला रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "मिस्त्री, सोमवारी बोलू." त्याची जास्त भीती वाटते.

दुपारभर विचार केला. एक शक्यता उरते. ऑर्डरवाला खोटं बोलतोय. जावईबापू जाऊन त्याला भेटले असतील. किंवा चेकरबाई. एकदा ठरवलं की माणसाला वळ पाडून घेणं काय कठीण! सुतळी बांधली की झालं.

हे बोलून सिद्ध होणार नाही. करून दाखवायला हवं. परत आलेल्या पेटीतला एक जोड पिशवीत घालून घरी आणला आहे. तीन नंबरचा, पांढऱ्या रेघेवरचा. उद्या दिवसभर मीच घालणार. सोमवारी मालकांसमोर पँट वर करतो आणि म्हणतो, दाखवा वळ!

३० मार्च, रविवार — सकाळ

सात वाजता घातले. चढवताना जरा वेळ लागला, एवढंच. घट्टपणा? नावाला नाही. पिंडरीला असे बसलेत, जसे काही नाहीतच. हिला दाखवलं, "बघ, याला घट्ट म्हणतात लोक!" हिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "काढा ते." मी म्हटलं, संध्याकाळी काढीन.

दुपार

बाजारापर्यंत पायी जाऊन आलो. जिने चढलो. अजून तसेच. अगदी सैलच म्हणा ना! ऑर्डरवाल्याचं तोंड आता बघण्यासारखं होणार. सोमवारी काय काय बोलायचं ते मनात जुळवलं आहे. शेवटी म्हणणार, "मीटर खोटं बोलेल, बोट बोलणार नाही."

आणि मग, सगळं मिटलं की, जावईबापूंना माफ करून टाकीन. मालकांना सांगून परत बोलावीन. ठकीसाठी. मोठ्या माणसाने मोठंच व्हावं.

संध्याकाळ

मोजे हिने काढले. मला त्यांची कड बोटांत धरता येईना.

दोन्ही पायांवर गोल चर पडली आहे. खोल, काळीनिळी. डाव्या पायावर कातडी फाटून मोज्याच्या तोंडाला रक्त लागलं आहे. वाळलेलं. म्हणजे सकाळचं.

हिने त्या चरीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "दुखतं?"

मी खाली पाहिलं. ती दाबत होती. नख पांढरं होईपर्यंत दाबत होती. मला ते दिसत होतं, आणि फक्त दिसतच होतं.

मग तिने माझी तर्जनी धरली, रबरावर ठेवतो ती, आणि तीही तशीच दाबली.

उद्या सकाळी आधी ठकीकडे जायचं आहे. दोन्ही चाव्या जावईबापूंना द्यायच्या आहेत.